गाडीवान, ड्रायव्हर आणि घरची वाट

मंडळी, तीर्थपुरी किंवा आसपासच्या एखाद्या गावच्या शाळेत वरच्या वर्गातील मुलांना सहज विचारून पहा, शाळा संपल्यावर पुढे काय करणार? कोणी पोलिसांत जाईन म्हणेल, कोणी शेती पाहीन म्हणेल, आणि मागच्या बाकांवरून दोन-चार आवाज हमखास येतील, "ड्रायव्हर होणार." गुरुजी, या उत्तराला हसू नका. ज्या घरी जमीन थोडी आणि भावंडे अधिक, त्या घरच्या मुलाने केलेला तो नीट हिशेब असतो. गाडी चालवणे शिकायला पदवी लागत नाही आणि रोख पैसा हाती येतो.

पण हा मुलगा परवाना काढून मालकाच्या दारात उभा राहिला की दोन गोष्टी आडव्या येतात. मालक विचारतो, "अनुभव किती?" अनुभव नसतो, गाडी मिळाल्याशिवाय तो येणार कोठून? आणि मुलगा चाचरत विचारतो, "शेठ, आठवड्याला घरी येता येईल ना?" यावर अड्ड्यावरची माणसे हसतात. ड्रायव्हरकी आणि घर, दोन्ही एका दावणीला बांधायला निघालास काय, असा त्या हसण्याचा अर्थ. जणू ड्रायव्हराने महिना-महिना घराबाहेर रहावे हा निसर्गाचाच नियम आहे.

तो निसर्गाचा नियम नाही. माल वाहणारा माणूस रात्री कोठे झोपेल हे त्या त्या काळच्या रस्त्याने, कायद्याने आणि गाडीच्या मालकीने ठरत आले आहे. आपल्याच मुलखाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला तर हे चांगले उमगते.

आपल्या भागातील मालवाहतुकीचा जुना आणि मोठा धंदा लमाणांचा, म्हणजे बंजाऱ्यांचा. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला. त्याने या तांड्यांचे वर्णन करून ठेवले आहे. दहा-दहा, बारा-बारा हजार बैल एका वेळी चाललेले, पाठीवर तांदूळ, धान्य, मीठ लादलेले. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की प्रवाशाला तो पुढे सरकेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून रहावे लागे, असे तो सांगतो. फौजांची रसदही हेच लोक पुरवीत. जालना जिल्ह्यात असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि मराठे यांची मोठी लढाई झाली. त्या मोहिमेत इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याला आपल्या सैन्याच्या दाण्यागोट्यासाठी बंजाऱ्यांच्या बैलांवरच भिस्त ठेवावी लागली होती. इतिहासाच्या पुस्तकांत तोफा येतात. तोफांमागे चालणारे गोणीचे बैल फारसे येत नाहीत.

आता आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पहा. या बंजाऱ्याला घराची ओढ नव्हती असे थोडेच आहे? पण त्याचे घर त्याच्याबरोबरच चालत असे. बायकापोरे, म्हातारीकोतारी, कुत्री, चूल, देव, सारे तांड्यात. मूल तांड्यातच जन्मे आणि बैल हाकायचे तिथेच शिके. 'अनुभव किती' हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नसे. पावसाळ्यात वाटा बंद झाल्या की तांडा एका ठिकाणी थांबे. म्हणजे हा माणूस आयुष्यभर वाटेवर होता, पण परगावी नव्हता.

दुसरा धंदा आपल्या कुणब्याच्या घरचा, बैलगाडीचा. सुगी झाली, रब्बीची कामे उरकली की घरची गाडी आणि घरचे बैल घेऊन भाडे मारायचे. भरली गाडी दिवसाला फार तर सहा-सात कोस जाई. बैल दमले की मुक्काम, आणि पुन्हा पहाटे जुंपणी. बैलाच्या दमाने माणसाचीही मर्यादा ठरे. मालकाला कितीही घाई असो, बैल रात्रंदिवस पळवता येत नसत! त्यामुळे गाडीवानाची झेप चार-दोन मुक्कामांची असे आणि पेरणीच्या आत तो घरी असे. शिकण्याची रीतही सोपी होती. पोरगे आधी गाडीत मागे बसे, मग धुरेवर बसे, मग सपाट वाटेवर कासरा त्याच्या हाती येई, आणि नदीचा उतार आला की बाप कासरा परत घेई.

पुढे आगगाडी आली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा सिकंदराबादेकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आगगाडीने बैलगाडी बुडवली असे आपण समजतो. प्रत्यक्षात बुडाला तो बंजाऱ्याचा लांबचा धंदा. मीठ, धान्य यांसारखा लांबून येणारा माल रुळावर गेला आणि तांडे हळूहळू जमिनीला चिकटले. कोणी शेतमजूर झाले, कोणी पुढे ऊसतोडीला गेले. बैलगाडी मात्र उलट वाढली. स्टेशनपर्यंत माल पोहोचवायला गाडीच हवी होती. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण ज्या बाजारपेठेवरून पडली, त्या जालन्यात अंबड भागातल्या गावोगावचा कापूस गाड्यांनीच उतरे आणि परतताना मीठ, रॉकेल, लोखंड घेऊन गाड्या गावाकडे वळत. लांबचा पल्ला यंत्राकडे गेला आणि जवळचा पल्ला माणसाकडे उरला. म्हणून गाडीवान घराच्या अधिक जवळ आला. हे ध्यानात ठेवा, पुढे याचे काम पडणार आहे.

मोटार आली तेव्हा ही घडी विस्कटली. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली स्वतःचे मोटार खाते काढले, २७ बसगाड्यांनिशी. ती माणसांची वाहतूक. मालाची मोटार खेड्यापाड्यांत खरी शिरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्ध १९४५ साली संपले, लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, आणि ज्याच्याजवळ थोडे भांडवल आणि थोडे धाडस होते अशांनी त्या घेतल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५४ पासून टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात जर्मनीच्या कंपनीच्या साहाय्याने ट्रक तयार होऊ लागले, आणि मालमोटार हा शब्द मागे पडून 'ट्रक' हाच शब्द आमच्या मराठवाडी बोलीत रुळला.

याच काळात एक फाटा फुटला, आणि आज त्या मुलाच्या वाट्याला जे येते ते त्या फाट्यामुळे. माणसांची वाहतूक सरकारने हाती घेतली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर आपला भागही पुढे त्याच व्यवस्थेत सामावला. मालाची वाहतूक मात्र खासगी हातांत राहिली, आणि तीही एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हातांत.

तेव्हा एकाच गावचे दोन तरुण, दोघांनाही गाडी चालवता येते. एक एस.टी.त लागला. त्याला आगार, कामाची पाळी, हजेरीचे पुस्तक, साप्ताहिक सुट्टी आणि निवृत्तीचे वय मिळाले. मुक्कामी गाडी असेल तर तो एक रात्र बाहेर राही, पण कोणती रात्र हे त्याच्या बायकोला आधी ठाऊक असे. दुसरा ट्रकवर गेला. तो कधी परतणार हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसे. माल उतरला, पण परतीचे भाडे मिळेना, म्हणून तो परगावच्या अड्ड्यावर दोन दिवस, तीन दिवस बसून राही. गाडी रिकामी आणली तर डिझेल अंगावर पडते, म्हणून मालकही परत बोलावीना. ड्रायव्हराची घराबाहेरची सारी रात्र गाडी हाकण्यातच जाते असे नाही. तिच्यातला मोठा भाग नुसता वाट पाहण्यात जातो. भाड्याची वाट, हमालांची वाट, नाक्यावरच्या कागदांची वाट.

कायद्याने काही केले नाही असे नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. लांबच्या मार्गावर फार तर दहा आणि चोपन्न. सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विसावा, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. वाचताना मन प्रसन्न होते. पण तो कायदा लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. एक ट्रक, एक ड्रायव्हर, एक क्लीनर आणि मालक स्वतः, अशा घरच्या धंद्याला तो शिवतच नव्हता. आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रक तर असेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा तो कायदा त्यांतील एका संहितेत विलीन झाला. त्या संहितेत मोटार वाहतूक व्यवसायासाठी आकडा पाचाचा दहा झाला आहे. लहान मालकाकडचा ड्रायव्हर पूर्वी कायद्याच्या उंबऱ्याबाहेर होता, आता तो अंगणाच्याही बाहेर गेला, असे माझे मत आहे. ज्यांना निराळे वाटते त्यांनी निराळे समजावे.

परवान्यांनी पल्ला आणखी लांबवला. पूर्वी ट्रकला दुसऱ्या राज्यात जायचे तर कागदांचा खटाटोप फार. १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची योजना आली, तीत काही राज्यांची मुभा मिळाली; २०१० पासून एका परवान्यावर सारा देश खुला झाला. व्यापाराला हे उत्तमच. पण ज्या ड्रायव्हराची हद्द काल सोलापूर-नागपूरपर्यंत होती, त्याची आज दिल्ली आणि गुवाहाटी झाली. बैलाच्या दमाने घातलेली मर्यादा गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीच बसली नाही.

आता शिकण्याची गोष्ट. मालक 'अनुभव' हा शब्द एवढ्या करड्या सुरात का उच्चारतो, ते यावरून समजेल.

ट्रकची शाळा म्हणजे क्लीनरकी. पोरगे पंधरा-सोळाचे झाले की कोणा ओळखीच्या ड्रायव्हराबरोबर त्याला पाठवून देत. हे वय कायद्यात बसणारे नव्हते, आजही बसत नाही, पण रीत होती खरी. ड्रायव्हर त्याचा उस्ताद. चाकांवर हातोडी ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, ताडपत्री ओढून रस्सी आवळायची, घाटात गाडी थांबली की चाकाखाली दगड द्यायचा, गाडी मागे घेताना फळीवर थाप मारून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचे, रात्री स्टोव्हवर भाकरी-पिठले करायचे आणि उस्ताद झोपला की मालाची राखण करायची. पगार नावाला, जेवण आणि शिव्या भरपूर. वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, गाडी रिकामी असताना उस्ताद म्हणे, "ये, बस." तो दिवस तो जन्मभर विसरत नसे. बापाने सपाट वाटेवर कासरा हाती द्यावा, तशीच ही रीत.

या शाळेचा दाखला मात्र कोठेच मिळत नसे. उस्तादाचा शब्द हाच दाखला. म्हणून मालक ओळखीच्या तोंडून आलेलाच माणूस ठेवी. दुसऱ्याच्या लाखो रुपयांच्या गाडीवर आणि मालावर नवखा हात बसवायला तो कचरे, यात त्याचे फारसे चुकत होते असेही नाही.

अलीकडे ही शाळाच बंद पडत चालली आहे. गाड्या सुधारल्या, आरसे मोठे झाले, खर्च वाढला; पुष्कळ ट्रक आता क्लीनरवाचून जातात. पोराला बाजूला बसून शिकण्याची जागाच राहिली नाही. एका मालकाच्या आईने मला एकदा विचारले होते, "अरे, क्लीनर ठेवायचा नाही तर उद्याचे ड्रायव्हर काय झाडाला लागणार आहेत?" याला उत्तर देणे मला जमले नाही.

तेव्हा नवख्याने शिरावे कोठून? याचे उत्तर काही अंशी कायद्यातच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू किंवा प्रवासी गाडी चालवणाऱ्याचे वय वीस पूर्ण लागते. हलक्या मोटारीचा परवाना हाती येऊन एक वर्ष झाल्याशिवाय मोठ्या वाहनाचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. पूर्वी यासाठी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली काढून टाकली. (म्हणून आठवीच्या आत शाळा सोडावी असा अर्थ कोणी काढू नये. भाड्याची पावती आणि करारनामा वाचता न येणाऱ्या ड्रायव्हराला कोणीही फसवतो.) आणि एक महत्त्वाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. साडेसात हजार किलोंच्या आतल्या वजनाची मालगाडी हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला होता. त्यावर शंका घेतल्या गेल्या, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच कायम केला. हे वजन मालासकट धरायचे, बरं का.

म्हणजे बाजारात भाजीची, खताची, दुधाच्या कॅनांची ने-आण करणारी लहान पिकअप गाडी ही आजची धुरेवरची जागा आहे. तिचा पल्ला तालुक्याचा, फार तर जिल्ह्याचा. तिथे हात बसतो, माल बांधायची नजर येते, आणि रात्री घरी येता येते. अड्ड्यावर अशा मुलाला 'छोटा हत्ती चालवतो' म्हणून चिडवतात. चिडवू द्यावे.

आता आपल्या तीर्थपुरीकडे वळू. गोदावरीच्या काठचा हा भाग पूर्वी कोरडवाहू. ज्वारी, बाजरी, कापूस. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याचा डावा कालवा अंबड-घनसावंगीच्या शिवारांतून गेला. पाणी आले, ऊस आला, अंकुशनगरला समर्थ आणि तीर्थपुरीला सागर असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १ मे १९८१ रोजी जालना हा वेगळा जिल्हाही झाला. ज्या गावातून कापसाच्या गाड्या जालन्याला जात, त्याच गावाच्या दारात आता माल येऊ लागला, आणि तो आणायला ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या हव्या झाल्या.

उसाची वाहतूक हे नवख्यासाठी आणि घरची ओढ असलेल्यासाठी चांगले काम, असे वरवर दिसते. पल्ला पाच-पंचवीस किलोमीटरचा, माल ओळखीचा, वाट ओळखीची. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला आटोपतो. पण थोडे खोलात जाऊन पहा. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजनही उतरते आणि साखरही. म्हणून तो दिवसाच्या आत गव्हाणीत पडायला हवा. कारखाना रात्रंदिवस चालतो, तोडणी टोळी पहाटे फडात उतरते, गाडी भरेपर्यंत दुपार, आणि कारखान्यावर पोहोचावे तर वजनकाट्याच्या पुढे गाड्यांची रांग. आपला नंबर कधी लागेल याचा नेम नाही. रांग पुढे सरकली आणि ड्रायव्हर जागेवर नसला तर मागचा पुढे घुसतो. मग तो स्टेरिंगवर डोके टेकून तिथेच झोपतो. घर चार कोसांवर, भाकर फडक्यात बांधून पोरगे सायकलवर आणून देते, आणि बाप अंगणात मात्र पोहोचत नाही! लांब पल्ला हा घराचा एकटाच वैरी नाही. नंबर कधी लागणार हे आधी कळले असते तर हाच माणूस चार तास घरी जाऊन झोपून आला असता.

शिवाय काम सहा महिन्यांचे. हंगाम उतरला की गाडी रिकामी. ज्या ट्रकवर मालकाने कर्ज काढले आहे तो उभा राहू शकत नाही. मग सिमेंट, खत, बी-बियाणे, जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या सळया, असे मिळेल ते भाडे धरून तो लाइनवर जातो, आणि हंगामात जवळ असलेला ड्रायव्हर उन्हाळ्यात परराज्यात सापडतो.

मोसंबीचे तऱ्हा निराळी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ती आपल्या मातीची म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. तिचे मोठे गिऱ्हाईक उत्तरेकडे. बाग ते जालन्याचा बाजार हा पल्ला लहान गाड्यांचा; सकाळी लिलावाला माल टाकला की दुपारी ड्रायव्हर गावात. जालना ते दिल्ली हा पल्ला मोठ्या ट्रकांचा, हजार किलोमीटरांहून अधिक, आणि फळ नासू नये म्हणून धावपळीचा. माल एकच, बाग एकच, पण पहिल्या पल्ल्याचा माणूस रात्री घरी जेवतो आणि दुसऱ्याचा आठ-दहा दिवसांनी. आगगाडी आल्यावर स्टेशनपर्यंतचा पल्ला गाडीवानाकडे राहिला होता, तीच ही गोष्ट. फरक इतकाच की लांबच्या पल्ल्यावर रुळांऐवजी आता माणूसच बसला आहे. आणि पैसा दुसऱ्या पल्ल्याला अधिक मिळतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलाच्या बापाला तो दिसतो आणि आईला ते आठ-दहा दिवस दिसतात.

रस्त्यांनीही थोडी मदत केली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, राज्यांच्या हद्दीवरचे कराचे नाके उठले, आणि नाक्यावर घालवलेल्या रात्री पुष्कळ कमी झाल्या. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो जालन्यावरून जातो. आता जालन्याचा ट्रक एका रात्रीत मुंबईच्या वेशीला लागतो. यातून वाचलेला वेळ ड्रायव्हराच्या घरी जातो की मालकाच्या आणखी एका खेपेत, हे मात्र रस्ता ठरवीत नाही.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न कसा हाताळला, तेही सांगतो. अमेरिकेत ट्रक-ड्रायव्हरच्या तासांवर १९३० नंतरच्या दशकातच बंधन आले. आज तिथे सलग दहा तास विश्रांती झाल्यावर अकरा तासच गाडी हाकता येते. युरोपात साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची आहे आणि गाडीत बसवलेले यंत्र हे सारे टिपून ठेवते. पण मला विशेष वाटते ते २०२० साली तिथे झालेल्या नियमाचे. ड्रायव्हर दर चार आठवड्यांच्या आत घरी किंवा आपल्या देशी परतू शकेल अशी कामाची आखणी करणे ही तिथे मालकाची जबाबदारी ठरली आहे. घरी परतणे हा शब्द कायद्याच्या पुस्तकात गेला! आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकांत ड्रायव्हरच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. मराठवाड्याच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत कळेल. केबिन थंड झाली. ती घराकडे केव्हा वळेल याचा नियम अजून व्हायचा आहे.

तोवर आपल्या मुलाने काय करावे? शिक्षकांनी त्याला एवढे शिकवून पाठवले तरी पुष्कळ होईल. मालकाकडे जाताना 'पगार किती' याच्या आधी चार गोष्टी विचार, म्हणावे. परतीचे भाडे ठरलेले असते की अड्ड्यावर शोधावे लागते? ठरलेले असेल, उदाहरणार्थ एखाद्या कारखान्याची सळई नेऊन परत भंगार आणायचे, तर परतीचा दिवस आधी सांगता येतो. गाडीवर एक ड्रायव्हर की दोन? खोळंब्याच्या दिवसांचा भत्ता मिळतो की तो फुकटात जातो? जिथे भत्ता द्यावा लागतो तिथे मालक ड्रायव्हरला फुकट बसवून ठेवीत नाही, असा अनुभव आहे. आणि चौथी, पोळा, दिवाळी किंवा घरच्या लग्नकार्याला गाडी बदली माणसाच्या हाती देण्याची तयारी आहे का? यांतली दोन उत्तरे जरी लेखी मिळाली तरी घ्यावीत. वहीच्या पानावर मालकाची सही असली तरी चालते.

आणि अनुभवाचा प्रश्न आलाच तर वर्ष-दोन वर्षे पिकअप चालवली त्याचा कागद ठेवावा. कोणाची गाडी, कोणता मार्ग, कोणत्या महिन्यापासून, हे मालकाच्या सहीनिशी लिहून घ्यावे. उस्तादाच्या तोंडी शब्दाला पूर्वी जी किंमत होती ती आता या कागदाला येऊ लागली आहे. मोठे वाहतूकदार आणि विमा कंपन्या तो पाहतात. गावातल्या लहान मालकांना असा दाखला लिहून देण्याची सवय नाही. मागितला तर त्यांना राग येतो, की पोरगा आता सोडून जाणार. तेव्हा गुरुजी, तो मसुदा तुम्हीच लिहून द्या आणि शक्य तर मुलाबरोबर सहीला जा. तुम्ही समोर उभे असलात की मालक चहा मागवील आणि सही करील.